पुण्यातल्या वसतिगृहात लोसार साजरा करायचा आहे. काय, कसं आणि काय टाळावं?

वसतिगृह_अधीक्षक_पुणे

आमच्या मुलींच्या वसतिगृहात नऊ तिबेटी विद्यार्थिनी आहेत. बहुतेक मुंडगोड आणि बैलकुप्पे या कर्नाटकातल्या तिबेटी वसाहतींतल्या, एक आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या नोरग्येलिंग वसाहतीतली. सगळ्यांचा जन्म भारतातला, तिबेट एकीनेही पाहिलेला नाही. यंदा लोसार म्हणजे त्यांचं नवीन वर्ष १८ फेब्रुवारीला, बुधवारी येतंय आणि त्याच आठवड्यात परीक्षा असल्यामुळे कुणालाच घरी जाता येणार नाही. मागच्या वेळी कॅन्टीनमधून मोमो मागवून केक कापला होता. मुलींनी आभार मानले, पण त्यात त्यांचं असं काही नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं.

यंदा नीट करायचं आहे. स्वयंपाकघर मिळेल, मोठ्या शेगड्या आणि कढया आहेत. मेस शाकाहारी आहे. दारू अर्थातच चालणार नाही. जेवायला साधारण पंचवीस जणी असतील. नेमकं काय करावंच लागतं, पुण्यात काय मिळतं, कशाला पर्याय चालतो आणि बोलताना कोणत्या गोष्टी सांभाळाव्यात, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. घाईघाईतलं "इंटरनेटवर बघा" नको, कृपया.

---

नवेगावबांध

स्वयंपाकाकडे वळण्याआधी मुलींना बाजूला घेऊन एक गोष्ट विचारा: गेल्या वर्षभरात कुणाच्या घरात मृत्यू झालाय का? झाला असेल तर ते घर त्या वर्षी लोसार करत नाही. ती मुलगी प्रार्थनेला बसेल, पण तिला नवीन कपडे घालायला किंवा नाचायला लावू नका. कधी कधी संपूर्ण समाजच सण करत नाही. २००८ मध्ये तिबेटमधली निदर्शनं चिरडली गेली, त्यानंतर २००९ चा लोसार जगभरच्या असंख्य तिबेटींनी साजरा न करता दिवे लावून पाळला. म्हणून "यंदा तुम्ही करताय ना?" हा पहिला प्रश्न.

तारखेबद्दल. चिनी नववर्षाची तारीख बघून ठरवू नका. यंदा दोन्हींत एकाच दिवसाचं अंतर आहे, म्हणून गोंधळ होत नाही. २०२५ मध्ये चिनी नववर्ष २९ जानेवारीला आणि लोसार २८ फेब्रुवारीला होता, म्हणजे चक्क महिन्याचा फरक. तिबेटी पंचांगातही आपल्यासारख्या क्षय-वृद्धी तिथी आणि अधिक महिना असतो, फक्त गणित वेगळं. धर्मशाळेच्या मेन-त्सी-खांग या वैद्यक आणि ज्योतिष संस्थेचं पंचांग प्रमाण मानतात. मुलींच्या फोनमध्ये ते असेलच. यंदापासून त्यांचं २१५३ वं राजवर्ष, अग्नी-अश्व वर्ष सुरू होतंय.

तुमचं वेळापत्रक लोसारच्या दिवशी सुरू होत नाही, हे महत्त्वाचं. बाराव्या महिन्याच्या २९ व्या तिथीला, म्हणजे लोसारच्या दोन दिवस आधी, दिवसा झाडलोट आणि संध्याकाळी गुथुक, म्हणजे त्या रात्रीचं खास सूप. जुन्या वर्षाची घाण, आजार, भांडणं त्या रात्री बाहेर काढायची. हा भाग गाळून थेट लोसारच्या सकाळी सुरुवात केली तर मुलींना सण अर्धाच वाटेल. शिवाय मौज इथेच जास्त असते.

लोसारच्या पहिल्या दिवशी पहाटे प्रार्थना, वेदी आणि घरच्यांना फोन. हा दिवस शांतच जातो, पाहुण्यांची गर्दी दुसऱ्या दिवसापासून. तिसऱ्या दिवशी नवे प्रार्थनेचे पताके आणि धूप. तुमचा मोठा कार्यक्रम पहिल्या दिवशी न ठेवता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठेवा. पहिली सकाळ त्यांची त्यांना राहू द्या. फक्त पहाटे चार वाजता स्वयंपाकघर उघडं आणि पाणी तापवायची सोय एवढं बघा.

पताक्यांचा क्रम डावीकडून निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा. गच्चीवर बांधताना जमिनीला टेकू देऊ नका. जुने उतरवलेले कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात. काही तिथ्या पताका बांधायला वर्ज्य असतात, त्याही पंचांगात बघून घ्यायला सांगा.

---

कढई_आणि_झारा

खाण्याचं मी सांगते. पंचवीस जणींचा हिशोब धरून.

आधी बारा दिवस: हिरवे कोंब. वेदीवर बार्लीचे किंवा गव्हाचे कोवळे कोंब ठेवतात. घटस्थापनेला आपण करतो तीच रीत. सगळे इथेच फसतात, कारण वाणी "बार्ली" म्हणून पांढरी, घासलेली बार्ली देतो. ती सूपसाठी ठीक, उगवत मात्र नाही. बियाण्याच्या किंवा आयुर्वेदिक कच्च्या मालाच्या दुकानातून सालीसकट जव आणा. नाहीच मिळाले तर सरळ गहू घ्या. रात्रभर भिजवून एक दिवस ओल्या फडक्यात बांधा, मोड दिसले की दोन इंच मातीच्या वाडग्यात दाट पसरून वर पातळ माती. ६ फेब्रुवारीला पेरलंत तर लोसारला वीतभर नाही, पण चार-पाच बोटं नक्की येतील. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही. पाणी साचलं की तळाला बुरशी धरते आणि तिसऱ्याच दिवशी वास येतो.

आधी आठवडा: खाप्से. तळलेली खुसखुशीत नक्षी. ज्यांना शंकरपाळे जमतात त्यांना हे जमतं, फक्त गोडी आणि मोहन कमी. मैदा १ किलो, साखर २०० ग्रॅम, बटर किंवा तूप १५० ग्रॅम, चिमूटभर मीठ, कोमट दूध ३५० मिलीपासून सुरू करून लागेल तसं. साखर दुधात पूर्ण विरघळवा. कण राहिले तर तळताना जळून काळे ठिपके पडतात. पीठ घट्ट हवं, अर्धा तास झाकून ठेवा. पाव इंचापेक्षा पातळ लाटा, चौकोन कापा, मधे चीर द्या आणि एक टोक चिरेतून ओढून पीळ घाला. मोहन वाढवलं तर तेलात फेस येऊन खाप्से विरघळतात. आच मोठी असली तर बाहेरून लाल, आत कच्चे, आणि चार दिवसांत मऊ पडतात. मंद-मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं, बदामी रंग आला की काढा, रंग नंतर आणखी चढतो. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. तीन किलो मैद्याचे करा, वेदीलाही लागतात आणि वाटायलाही.

वेदीवर रचायचे मोठे, गाढवाच्या कानासारखे खाप्से वेगळे. त्यांना पसरट कढई, भरपूर तेल आणि सरावाचा हात लागतो. मुलींपैकी कुणी घरी केले असतील तरच त्या वाटेला जा, नाहीतर मुंडगोडहून मागवा. हुबळीपासून मुंडगोड ५० किलोमीटरच्या आत आहे आणि पुणे-हुबळी बस रोजच्या आहेत. कुणाच्या तरी घरून खोका येऊ शकतो. त्याच खोक्यात त्साम्पा (भाजलेल्या बार्लीचं पीठ), सुकं चीज (छुरा), ड्रोमा आणि नवे पताके मागवा. ड्रोमा म्हणजे बारीक, गोडसर मुळं. पुण्यात मिळत नाहीत.

२९ व्या तिथीची रात्र: गुथुक. नऊ जिन्नस घातलेलं पातळ सूप, त्यात शंखासारखे छोटे पिठाचे तुकडे. शाकाहारी करायला काही अडचण नाही. मुळा, पालक, मटार, टोमॅटो, कांदा, आलं, लसूण, मशरूम आणि छुरा, झाले नऊ. घराघरांत यादी बदलते, मुलींना ठरवू दे. प्रमाण: मैदा दीड किलो, पाणी साधारण ७५० मिली, मीठ. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. पेन्सिलीएवढ्या जाड वळ्या करून नखाएवढे तुकडे तोडा, अंगठ्याने दाबून पुढे ढकला की आपोआप वळतात. लगेच कोरडा मैदा भुरभुरवा, नाहीतर अर्ध्या तासात गोळा. मुळा सव्वा किलो, किसू नका, बोटाएवढे तुकडे करा. मुळ्याला हळद लावून रंग आणू नका, मसालाही नको. आलं-लसूण-कांदा परतून दहा लिटर पाणी, मुळा शिजला की शंख, पाच-सहा मिनिटं उकळी, शेवटी पालक आणि छुरा. मोठं पातेलं एकच असलं तर शंख दोन हप्त्यांत टाका. एकदम टाकले तर उकळी बसते आणि खाली लगदा होतो.

आता मोठे गोळे. प्रत्येकीला एक. लिंबाएवढे, आत लपवलेली वस्तू: कोळसा म्हणजे काळ्या मनाची, मिरची म्हणजे बडबडी, लोकर म्हणजे मायाळू, कागद म्हणजे अभ्यासू, मीठ म्हणजे आळशी. अर्थ घरागणिक बदलतात. वस्तू लहान कागदात गुंडाळून मग पिठात घाला. हल्ली बऱ्याच ठिकाणी नुसती चिठ्ठी घालतात. बॉलपेनने लिहू नका, शाई सूपमध्ये उतरते, पेन्सिल वापरा. गोळे वेगळ्या भांड्यात दहा मिनिटं उकळा आणि वाढताना एकेक टाका. फोडून सगळ्यांसमोर दाखवायचं, खायचं नाही.

लोसारची सकाळ: चहा आणि गोड भात. मूळ पेय म्हणजे कोमट छांग ही घरगुती दारू, पण दारू नको म्हणताय तर ते सोडा. त्याची नक्कलही करू नका. गोड भात पुरतो. त्या नऊजणींसाठी पाऊण किलो तांदूळ मोकळा शिजवून १०० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम साखर, बेदाणे, आणि ड्रोमा आले असतील तर उकडून. केशर-वेलची घालायचा मोह होईल, आवरा.

लोण्याचा चहा (पो चा) दहा कपांसाठी: पावणेदोन लिटर पाण्यात तीन मोठे चमचे पानांचा चहा, वीस मिनिटं उकळून गाळा. दाणेदार पावडर इतका वेळ उकळली तर कडूजहर होते. चिमूटभर खायचा सोडा घातला तर रंग चांगला उतरतो, तिबेटमध्येही घालतात. दूध २०० मिली, पिवळं खारवलेलं बटर ७५ ग्रॅम, मीठ अर्धा चहाचा चमचा. बिनमिठाचं लोणी असेल तर मीठ पाऊण ते एक चमचा. तिथे लाकडी उंच नळकांड्यात दांड्याने घुसळतात, इथे मिक्सर. चहा कढत हवा, कोमट झाला तर लोणी वर तरंगतं आणि तेलकट घोट लागतो. पण कढत पातळ पदार्थाने मिक्सरचं भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. वाफेने झाकण उडतं. झाकणावर जाड फडकं धरून आधी थांबत थांबत, मग अर्धा मिनिट सलग.

त्साम्पा नाही मिळाला तर दुकानातलं सातूचं पीठ चालेल.

---

नवेगावबांध

कढईताई, शेवटच्या ओळीशी असहमत. आपल्याकडच्या तयार सातूच्या पिठात गहू, डाळं, कधी जिरं नाहीतर वेलची असते. मुलींना पहिल्या चिमटीत कळेल. त्साम्पा नुसत्या भाजलेल्या बार्लीचा. बाकी सगळीकडे पर्याय चालवा, याला नको, कारण तो नुसता खायला नसतो, चेमारमध्ये तोच लागतो. खोका वेळेत आला नाही तर घरीच करा. कोंबांसाठी जव आणालच, पण ते टरफलवाले. पिठासाठी टरफल काढलेली, पण फार न घासलेली बार्ली दोन किलो घ्या, धुऊन फडक्यावर वाळवा, लोखंडी कढईत स्वच्छ, चाळलेली वाळू तापवून मूठ मूठ भाजा. दाणे फुटून तडतडले की चाळणीने वाळू वेगळी. वाळू नको असेल तर कोरडी, मंद आचेवर, सतत हलवत भाजा, वेळ दुप्पट लागतो. गार झाल्यावर गिरणीत द्या आणि मिरची-मसाल्यानंतर लगेच दळू नका असं बजावा.

चेमार म्हणजे दोन कप्प्यांची लाकडी पेटी, एकात थोडं लोणी चोळलेला त्साम्पा, दुसऱ्यात भाजलेला गहू, दोन्ही शिगोशीग, वर लोण्याची रंगीत नक्षी आणि गव्हाच्या लोंब्या. पेटी नसेल तर सारख्या मापाचे दोन लाकडी किंवा पितळी वाडगे शेजारी ठेवा. समोर आला की चिमूट घ्यायची, तीनदा वर उधळायची, थोडी तोंडात टाकायची आणि "ताशी देलेक" म्हणायचं. पाहुण्यांना आधी हे दाखवून द्या, नाहीतर लोक प्रसाद म्हणून मूठभर घेतात आणि पेटी तासाभरात रिकामी. ती पंधरवडाभर ठेवतात.

पो चा वाढायची रीतही सांगून ठेवतो. एका दमात कप संपवायचा नाही. दोन घोट घेतले की यजमान पुन्हा भरतो, निघताना पूर्ण प्यायचा. पुणेकर पाहुणी गटकन संपवून कप खाली ठेवेल आणि लगेच परत भरला जाईल.

---

वसतिगृह_अधीक्षक_पुणे

दोघांचे मनापासून आभार. दोन शंका. गुथुकच्या रात्री मुली एक पिठाची बाहुली करून बाहेर टाकायची म्हणतायत, मशालही म्हणाल्या. वॉचमन आणि शेजारची सोसायटी यांचं काय करू? आणि दुसरं, मी भाषण करावं का? तिबेट, निर्वासितांचं जीवन, मायभूमीची ओढ, असं काहीतरी?

---

नवेगावबांध

बाहुली म्हणजे लुए. पिठाची छोटी माणसाकृती, जुन्या परातीत ठेवतात. प्रत्येकजण आपल्या वाडग्यात थोडं सूप शिल्लक ठेवून ते परातीत ओततो. पिठाचा एक लहान गोळा मुठीत दाबून बोटांचे ठसे उठवायचे, दुखऱ्या अवयवांवरून फिरवायचा, तोही परातीत. मग पेटत्या गवताच्या जुडीने खोलीचा कोपरान् कोपरा फिरून सगळं घराबाहेर, तिठ्यावर नेऊन ठेवायचं आणि मागे न बघता परत.

अडचण खरी आहे. रात्री चौकात पिठाची बाहुली दिसली की आपल्याकडे लोक उतारा समजतात, सकाळी सोसायटीत कुजबुज आणि बोट मुलींकडे. म्हणून आवाराच्या आतच जिथे दोन वाटा मिळतात ती जागा ठरवा, वॉचमनला दुपारीच सांगा, सकाळी सफाई कामगाराऐवजी तुम्ही स्वतः उचलायची व्यवस्था करा. मशाल खोल्यांतून नको, गाद्या-पडदे आहेत. खोल्यांतून धुपाची काडी आणि बाहेर मोकळ्यावर छोटी जुडी, शेजारी पाण्याची बादली. धूर ओळखणारे गजर असतील तर वेदीजवळचा धूपही खिडकीपाशी. मुलींना जुनिपरची आठवण होईल. ते पुण्यात नाही, साधा धूप चालतो.

---

उत्तरायण

दुसऱ्या शंकेचं उत्तर: भाषण नको. का ते सांगतो.

या मुलींची ओढ दुहेरी आहे. फेब्रुवारीत त्यांना खरोखर आठवतं ते मुंडगोडचं घर, आईच्या हातचे खाप्से, मठातल्या ढोलांचा आवाज. त्याच्या मागे दुसरी ओढ आहे, न पाहिलेल्या फायुलची, म्हणजे तिबेटची. ती आजीच्या बोलण्यातून, शाळेतल्या प्रार्थनेतून आणि १० मार्चच्या मोर्चातून आलेली. पहिली तुम्ही गुथुक आणि खाप्से करून बरीच हलकी करू शकता. दुसरी बाहेरच्या माणसाने भाषणात बोलून दाखवली की मुली अवघडतात, कारण सगळ्यांचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर असतात. त्यांच्यातल्या कुणाला बोलायचं असेल तर माइक द्या. गाणं किंवा गोरशे हा रिंगणातला नाच करतीलच. रिंगणाला वीसेक फूट मोकळी जागा हवी, फिरायचं घड्याळाच्या दिशेने.

दोन्ही ओढी एक समजू नका. नोरग्येलिंगच्या मुलीला "तुझं गाव कोणतं?" विचारलं तर ती अर्जुनी मोरगाव तालुका सांगेल आणि तिच्या आजोबांचं गाव खाम किंवा आम्दो या तिबेटी प्रांतांत असेल. दोन्ही उत्तरं खरी. लहान वस्त्यांमधल्या मुलांना हा प्रश्न जास्त सलतो, कारण मोठ्या वस्त्यांसारखा आजूबाजूला हजारोंचा समाज नसतो.

काय विचारू नये. "तिबेटमध्ये कोण आहे तुझं?" हे चारचौघांत नाही. ज्यांचे नातेवाईक तिथे आहेत त्यांना सांगणं धोक्याचं वाटतं आणि ते वाटणं निराधार नाही. भारतातल्या नातेवाइकांशी संपर्क ठेवला म्हणून तिथे चौकशी होते. संपर्काची साधनंही आटली आहेत. पूर्वी सगळे वीचॅट या चिनी ॲपवर बोलायचे, जून २०२० मध्ये भारतात ते बंद झालं. २००८ च्या आधी दरवर्षी दोन-तीन हजार माणसं हिमालय ओलांडून येत, आता बोटावर मोजण्याइतकी. म्हणजे नवीन माणूस बातमी घेऊन येणं जवळपास थांबलंय. लोसारच्या सकाळी एखादी मुलगी फोन हातात घेऊन नुसती बसलेली दिसली तर कारण हे असू शकतं. तिला मुद्दाम हसवायला जाऊ नका, चहा द्या.

यातून फोटोंचा नियम. वेदीवर दलाई लामांचा फोटो असणार. तिबेटमध्ये तो बाळगणं गुन्ह्यासारखं आहे. वेदी, मुलींचे चेहरे आणि पूर्ण नावं एकाच पोस्टमध्ये टाकू नका, कॉलेजच्या पानावर तर नाहीच. आधी प्रत्येकीला विचारा, एक जरी नको म्हणाली तर तो गटफोटो नको. पाहुण्यांच्या फोनचं काय, हेही आधीच ठरवा.

"मग भारतीय पासपोर्ट का घेत नाहीस?" हाही प्रश्न टाळा. वरून साधा दिसतो. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्माने नागरिक, त्यामुळे अनेकींच्या आई-वडिलांना हक्क आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि २०१७ पासून पासपोर्ट मिळूही लागले, पण त्यासोबत नोंदणी प्रमाणपत्र (तिबेटींचा भारतात राहण्याचा कागद) सोडण्यासारख्या अटी आल्या. ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यांसाठी नियम आणखी कडक आहेत. काही घरांत पासपोर्ट घेणं म्हणजे परतीचा दावा सोडणं वाटतं, काही घरांत ती निव्वळ सोय. एकाच घरात दोन भावंडांची दोन मतं असतात. सणाच्या जेवणावर हा विषय नको.

तुमच्या कामाचं एक: अधीक्षक म्हणून प्रत्येकीच्या नोंदणी प्रमाणपत्राची मुदत बघून ठेवा. नूतनीकरण परीक्षेच्या काळात आलं तर धावपळ होते, शिवाय मूळ कागद वसाहतीतल्या घरी राहिलेला असतो. प्रवासात झेरॉक्स पुरत नाही.

आणि १० मार्च लक्षात ठेवा. १९५९ च्या ल्हासातल्या उठावाचा दिवस. त्यानंतर आठवड्यात दलाई लामा ल्हासातून निघाले आणि ३१ मार्चला भारतात पोचले. यंदा तो लोसारनंतर तीनच आठवड्यांनी येतोय. मुली त्या दिवशी सुट्टी मागतील. अर्ज आत्ताच मागून ठेवा, म्हणजे ऐन वेळी प्राचार्यांशी वाद नको.

---

कढई_आणि_झारा

सातूच्या पिठाचं मान्य, त्साम्पाच करा. खोका मागवताना एक: छुरा ओलसर आला तर प्रवासात बुरशी धरतो. कडक सुकलेला, कागदात गुंडाळून पाठवायला सांगा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. आल्यावर रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मग सूपमध्ये.

वेदीवरचे सात पाण्याचे वाडगे मुली रोज सकाळी डावीकडून उजवीकडे भरतील, संध्याकाळी उलट क्रमाने रिकामे करून पालथे घालतील. मेसच्या बाईंना सांगून ठेवा की ते वाडगे धुवायला उचलू नयेत.